९ मि.मी. रुळांच्या मॉडेल रेल्वेसाठी वाफेच्या इंजिनाचं (विजेवर चालणारं) मॉडेल कोणतं घ्यावं?

मंडळी, मदत हवी आहे. डभोईच्या जुन्या ७६२ मि.मी. नॅरोगेज रेल्वेवर जीव असल्यामुळे इथे बडोद्यात घरी ६ बाय ३ फुटांच्या प्लायवर १:८७ प्रमाणात, ९ मि.मी. रुळांचा मॉडेल रेल्वेचा लेआउट मांडलाय. वळणाची त्रिज्या ९ इंच, जागा वाढणार नाही. सध्याचं ०-४-० (चारच चाकांचं) टँक इंजिन, म्हणजे मागे वेगळा टेंडर नसलेलं, पॉइंटच्या (रूळ बदलायच्या सांध्याच्या) प्लास्टिक फ्रॉगवर, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात त्या वीज नसलेल्या तुकड्यावर, नेमकं थबकतं. बोटानं जरा ढकललं की पुन्हा चालू. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले, चाकांमधलं अंतर तपासलं, फरक नाही. कंट्रोलर साधा १२ व्होल्ट डीसी, बजेट १५ हजार. डिझेल सुचवू नका, डभोईला वाफच शोभते. ०-६-० (सहा चाकांचं) टँक इंजिन फ्रॉग न थांबता ओलांडून हे वळणही घेईल, की टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) चाकांतूनही वीज घेणारंच बघू? स्वतः चालवून पाहिलंय का कुणी?