ज्या मामांनी शिकवलं त्यांचाच सुपरवायझर झालोय, आणि खराब जॉब (मशीनवर बनवलेले भाग) लपवले जातायत

सेकंड शिफ्ट, उद्यमबाग

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये नऊ वर्षं सीएनसी (संगणकावर चालणारं कटिंग मशीन) चालवली. दिवाळीपासून सुपरवायझर आहे. हाताखाली अकरा जण. तिघे माझ्यापेक्षा वयानं मोठे, त्यातल्या एका मामांनी तर मला मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) धरायला शिकवलं. चार पोरं गोकाक-हुक्केरीकडची, कन्नडच बोलतात.

गेल्या गुरुवारी चिप्सच्या (धातूच्या किसाच्या) ट्रॉलीत पोत्याखाली झाकलेल्या ३८ व्हॉल्व्ह बॉडी सापडल्या. बोअर (आतलं भोक) २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत पाहिजे. सगळे २५.०३४ च्या आसपास. कारण लगेच कळलं. इन्सर्ट (कापणारा तुकडा) झिजतो तसा बोअर बारीक येत जातो, म्हणून ऑपरेटर थोडा थोडा ऑफसेट (मशीनमधल्या मापाची दुरुस्ती) देत राहतो. नवीन इन्सर्ट लावला की हा ऑफसेट काढायचा असतो. तो काढला नाही आणि माप बघायचा गेजही लावला नाही. ऑफसेट विसरण्याची चूक माझ्याहातूनही दोनदा झाली आहे.

पण लपवायचं कशाला? मी सगळ्यांसमोर आवाज चढवला. पोरं म्हणाली, "गोत्तिल्ला सर," म्हणजे माहीत नाही. मामा खाली मान घालून गप्प. मालक म्हणतात, नाव सांग, पगारातून कापू. काय करू?

फाउंड्रीतला जुना माणूस, अनगोळ

बाळा, नाव शोधत बसू नकोस.

मी मोल्डिंगचा, म्हणजे वाळूचे साचे करायच्या खात्याचा, इनचार्ज होतो. वाळूच्या मिक्सरवरचं पोरगं एकदा सांगायला आलं, "साहेब, वाळू ओली वाटतीय." मला डिस्पॅचची घाई. "तू शिकवणार काय मला?" म्हटलं, चारचौघांत. पोरगं परत फिरलं.

दोन महिन्यांनी, भर पावसाळ्यात, वाळूत पुन्हा पाणी वाढलं. चांगली वाळू मुठीत दाबली की घट्ट गोळा होतो, मोडला की कडा स्वच्छ तुटतात, आणि तळवा कोरडा राहतो. त्या दिवशी ती त्याच्या तळव्याला चिकटत होती. त्याला कळत होतं, पण बोलला नाही. ओल्या साच्यात तापलेलं लोखंड पडलं की पाण्याची वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगच्या (ओतलेल्या भागाच्या) पोटात ब्लोहोल, म्हणजे पोकळ भोकं. वरून काही दिसत नाही. ग्राहकाकडं मशीनिंगला लागल्यावर भोकं उघडी पडली आणि अख्खा लॉट परत आला. पोराला विचारलं, बोलला का नाहीस? म्हणाला, "तुम्हीच गप्प केलासा की."

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

वाईट बातमी घेऊन आलेला माणूस आधी तुझं तोंड बघतो. म्हणून "कुणी केलं" हा प्रश्नच टाकून दे. "काय झालं, कुठल्या जॉबपासून झालं" एवढंच विचार. जिथं आवाज चढवलास तिथंच, त्याच माणसांसमोर, चुकलो म्हण. मामांना चारचौघांत काही सांगू नकोस. शिफ्टच्या आधी त्यांच्या मशीनवर जा, एकट्यानं. पगार कापलास तर पुढचे जॉब ट्रॉलीतसुद्धा सापडणार नाहीत, हे मालकांना सांग.

मात्र गेज न लावता रजिस्टरला खोटे आकडे भरणारा असेल तर तो वेगळा विषय. त्याला सोडू नकोस, पण केबिनमध्ये बोलव.

आणखी एक. सुगीचे दिवस आहेत. खानापूर, यळ्ळूरकडची माणसं भातकापणीला जाणारच. आधीच कागद फिरवून तारखा लिहून घे, म्हणजे कुणाला आजारपणाचं खोटं सांगावं लागणार नाही. एकदा खोटं बोलायची वेळ आली की ती सवय जॉबपर्यंत पोचते.

वॉर्ड इनचार्ज सिस्टर

दादा, माझं क्षेत्र वेगळं, दुखणं हेच. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असं वाटलं होतं. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. तिथली माणसं चूक झाली की सांगत होती, लपवत नव्हती.

म्हणून मालकांना आधीच कल्पना द्या. लोक बोलायला लागले की पहिले दोन-तीन महिने तुमच्या रजिस्टरवर रिजेक्शन वाढलेलं दिसेल. ते पाहून त्यांनी आरडाओरडा केला तर सगळं पुन्हा पोत्याखाली जाईल.

कन्नड पोरांबद्दल: माझ्याकडच्या नव्या सिस्टर आधी नुसत्या "हं हं" करायच्या. आता डोस सांगितला की त्यांच्याच भाषेत मला परत सांगायला लावते. मलाही मोडकंतोडकं कन्नड बोलावं लागतं, त्या हसतात, दुरुस्त करतात. त्यानंतर त्या प्रश्न विचारायला लागल्या.

लाइन लीडर

टोयोटाच्या पद्धतीत अडचण आली की कामगार दोरी ओढतो. ओढल्या ओढल्या लाइन थांबत नाही, आधी टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या जागेपर्यंत काम सुटलं नाही तरच थांबते. धावत येणारा माणूस असतो म्हणून दोरीला अर्थ आहे. तुम्ही एकटे अकरा मशीनवर रात्री धावणार कसे? पाच-सहा जणांमागं एक जाणता माणूस नेमा.

सेकंड शिफ्ट, उद्यमबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शिफ्ट सुरू होताना सगळ्यांसमोर चुकलो म्हणालो, मराठीत आणि जमेल तसं कन्नडमध्ये.

आज शिफ्टच्या आधी मामांच्या मशीनवर गेलो. इन्सर्ट बदलताना ते काय काय बघतात, पोरांना दाखवाल का, एवढंच विचारलं. मामा बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "त्या रात्री मीच होतो रे." चष्म्याचा नंबर वाढलाय. रात्री बोअर गेजच्या डायलवरचा काटा नीट दिसत नाही, म्हणून गेज लावायचा टाळत होते. ज्याला शिकवलं त्याला हे कसं सांगायचं, याचीच लाज. मला बोलताच येईना. नऊ वर्षांत त्यांच्याकडून मी किती वेळा फुकट शिकलो, आणि त्यांना दिसत नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यांना दिवसपाळी दिलीय. डिजिटल गेज मागवलाय, मशीनवर दिवाही लावून घेतोय. इन्सर्ट बदलला की ऑफसेट काढायचा आणि पहिला जॉब तपासायचा, असं कन्नड-मराठीत लिहून मशीनवर चिकटवलंय. कन्नड एका गोकाकच्या पोरानं लिहिलं. पगार कापायचं मालकांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, उद्या रिजेक्शनचं रजिस्टर घेऊन बसणार आहे.

सुगीचा कागद फिरवलाय. यळ्ळूरच्या दोघांनी तारखा लिहिल्यात.