पाच पिढ्यांची वायनरी, शाश्वत बागा: स्पेनच्या तोरेस घराण्याला हे जमलं कसं?

द्राक्षवाला_दिंडोरी
नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची बाग आहे. वडिलांनी अर्धी थॉमसन (खायची द्राक्षं) काढून शिराझ आणि शेनिन ब्लांक ही वाइनची द्राक्षं लावली, माल करारावर वायनरीला जातो. धाकटी बहीण वाइनचं शिक्षण घेऊन आली आहे, घरचीच छोटी वायनरी काढू म्हणते. तिच्या तोंडी सतत स्पेनच्या तोरेस घराण्याचं नाव असतं. वडील म्हणतात, शाश्वत वगैरे ही बाटलीवर छापायची भाषा. कोणी जवळून पाहिलंय का? आणि त्यातलं आम्हाला काय घेता येईल?

पेनेदेसकर
दादा, मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलो आणि बरीच वर्षं बार्सेलोनाजवळच्या पेनेदेस भागात बागांमध्येच काम करतोय. तोरेसकडे नोकरीला नाही, पण त्यांच्या बागा येता-जाता दिसतात आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

हाउमे तोरेस क्युबात जाऊन पैसा कमावून परतले आणि 1870 मध्ये भाऊ मिगेल यांच्याबरोबर विलाफ्रांका गावात वायनरी काढली. पुढे फिलॉक्सेरा या किडीनं इथल्या वेली मुळापासून खाल्ल्या. अमेरिकन खुंटावर, म्हणजे त्या किडीला दाद न देणाऱ्या मुळांवर, कलमं करून सगळा भाग पुन्हा उभा राहिला, पण जुने स्थानिक वाण त्यात मागे पडले. जानेवारी 1939 मध्ये, यादवी युद्धात, वायनरीवर बॉम्ब पडले. तिसऱ्या पिढीच्या मिगेल तोरेस कार्बो यांनी ती पुन्हा बांधली आणि पिंपातून ठोक विकण्याऐवजी स्वतःच्या नावानं बाटली विकायला घेतली. तुमच्या बहिणीला मी हेच आधी सांगेन. दर दुसऱ्याच्या हातात असेल तर बागेत दहा वर्षांनी फळ देणारं काम करायला पैसा उरत नाही.

आता वडिलांच्या शंकेकडे येतो. चौथ्या पिढीच्या मिगेल आ. तोरेस यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या: तुमच्या शेतात नाव माहीत नसलेली जुनी वेल असेल तर कळवा. शेतकरी कळवत गेले. त्या काड्या आणायच्या, ऊतिसंवर्धनानं (प्रयोगशाळेत बारीक तुकड्यापासून रोप वाढवून) विषाणूमुक्त करायच्या, लावायच्या, फळ धरल्यावर थोडी थोडी वाइन करून चाखायची. एकेका वाणाला वर्षानुवर्षं लागली. अशा 50 हून अधिक जुन्या वाणांचा शोध लागला, त्यातले मोजकेच वाइनला कसाचे निघाले. गार्रो आणि केरोल हे दोन ग्रान्स मुराल्येस या त्यांच्या लाल वाइनमध्ये वापरले. फोर्कादा हा पांढरा वाण उशिरा पिकतो आणि उन्हातही आम्लता धरून ठेवतो. मोनेऊ लाल आहे, उष्णता आणि पाण्याचा ताण सोसतो. 2021 ते 2023 च्या दुष्काळात इथल्या बागा कशा सुकल्या ते मी पाहिलंय, त्यामुळे या दोन वाणांची किंमत मला चांगली कळते. आज हे काम पाचव्या पिढीच्या मिरेया तोरेस पुढे नेत आहेत. हवामानबदल हा शब्द बाजारात चालायच्या कितीतरी आधी सुरू झालेलं हे काम आहे. त्याला छापायची भाषा कसं म्हणणार?

बाकी गोष्टीही आहेत. पायरेनीज पर्वताच्या पायथ्याशी त्रेंप इथे साधारण 950 मीटर उंचीवर बागा लावल्या, कारण खाली उष्णतेनं साखर लवकर चढते. छाटणीच्या काड्या बॉयलरमध्ये जाळतात. किण्वनात, म्हणजे रसाची वाइन होताना, निघणारा कार्बन डायऑक्साइड धरून टाक्यांमध्ये परत वापरतात. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाच्या जॅक्सन फॅमिली वाइन्सबरोबर त्यांनी वायनऱ्यांचा एक जागतिक गट काढला. त्यात उत्सर्जन स्वतंत्र तपासणीतून मोजून दाखवावं लागतं.

निफाडकर
वाचायला छान, पण त्यांच्याकडे पावसाळा आहे का? आमच्याकडे जून ते सप्टेंबर डावणी आणि करपा हे बुरशीचे रोग. फवारणी सोडली तर पान राहत नाही, आणि पान गेलं की ऑक्टोबरच्या छाटणीला काडीत दम नसतो.

पेनेदेसकर
बरोबर आहे, हा फरक मोठा आहे. पेनेदेसला वर्षाला सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि उन्हाळा कोरडा. तरी ओल्या वसंतात डावणी इथेही येते, आणि सेंद्रिय बागेत तिच्यावर मुख्य आधार तांब्याच्या फवारणीचाच. युरोपात त्यालाही मर्यादा आहे, 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो. त्यामुळे मोरचूद (तांब्याचा क्षार) मोजून वापरायची सवय लागली. आपल्याकडे फळ कोरड्या दिवसांत वाढतं, ही जमेची बाजू. पावसाळ्यात फक्त पान आणि काडी वाचवायची असते, म्हणून रसायन कमी करायचा प्रयोग त्याच काळात करा. कॅनॉपी (पानांचा पसारा) मोकळी ठेवा, फुटवे वेळेवर काढा, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) हलकं पण वेळेवर. सगळ्या बागेवर नको, चार ओळींवर.

द्राक्षवाला_दिंडोरी
वडिलांना वाचून दाखवलं. जाहिरातीचा भाग दोनदा वाचायला लावला. आमच्या विहिरीकडच्या बांधावर आजोबांच्या वेळची एक काळी बियांची वेल आहे, नाव कोणालाच माहीत नाही. तिच्या काड्या कधी काढाव्यात?

पेनेदेसकर
ऑक्टोबर छाटणीलाच घ्या. पेन्सिलच्या जाडीची, पक्की तपकिरी झालेली काडी, चार-पाच डोळ्यांची. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि लवकर लावा. मूळ वेल मात्र तोडू नका. पानांचे आणि घडाचे फोटो काढून पुण्याजवळ मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात विचारा. ताईंना सांगा, पहिल्या फळाची थोडी वाइन वेगळी करून बघा.