मदत हवी आहे : कोकणातल्या किनाऱ्याच्या देखभालीसाठी पाठपुरावा कसा करायचा?

नमस्कार मंडळी, मी नाशिकरोडची. महिला मंडळांच्या आणि ज्येष्ठांच्या सहली कोकणात नेते. ज्या किनाऱ्यावरच्या गावात आमचा हमखास मुक्काम असायचा, तिथे यंदा यायला बायका तयार नाहीत. समुद्र तोच, वाळूही तीच. पण स्वच्छतागृहाला कुलूप, चावी कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. वाळूत उतरायच्या पायऱ्यांची फरशी निखळून गज वर आलेत, सुरूच्या बनात फुटक्या बाटल्या. गुडघे दुखणारी बाई तिथून उतरणार कशी? मग गाडी सरळ पुढच्या गावी जाते, आणि फटका बसतो तो घरगुती खानावळ चालवणाऱ्या ताईंना. याचंच फार वाईट वाटतं.

2020 मध्ये देशातल्या पहिल्या 8 किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं. कर्नाटकातले कासरकोड, पडुबिद्री त्यात होते, आपला एकही नव्हता. त्या निकषांत स्वच्छ पाण्याबरोबर स्वच्छतागृहंही मोजली जातात.

माहितीच्या अधिकारात नाशिकहूनही अर्ज करता येतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण नेमकं मागायचं काय? देखभालीचा ठेका, खर्च, की सफाईच्या नोंदी? गोदाघाटाच्या स्वच्छतेसाठी पाठपुरावा केलेल्या कुणाकडे अर्जाचा नमुना असेल तर कृपया पाठवा. आणि हो, बाहेरच्यांनी येऊन तक्रार केली असं गावाला वाटू नये, यासाठी आधी कुणाशी बोलावं?