व्हाइटबोर्डवर झूम आउटला १० टक्क्यांची अट कशाला?

बोरूवाला
सातवीच्या वर्गासाठी एक्सकॅलिड्रॉ या ऑनलाइन व्हाइटबोर्डवर मराठेशाहीची कालरेषा मांडतोय. १६३० ते १८१८, म्हणजे १८८ वर्षं. वर्षाला १०० एकक रुंदी धरली (१०० टक्के झूमवर एक एकक म्हणजे एक पिक्सेल) तर लांबी १८,८००. शाळेतल्या लॅपटॉपचा पडदा १३६६ पिक्सेलचा आणि झूम १० टक्क्यांखाली उतरत नाही. म्हणजे एका वेळी फार तर १३,६६० एकक दिसणार. शिवजन्मापासून सुरुवात केली की पानिपत जेमतेम कडेला येतं; महादजींनी दिल्ली घेतली ते, खर्डा, पेशवाईचा अस्त, सगळं पडद्याबाहेर. ७ टक्के मिळाले तरी माझं भागतं! झूम इन मात्र ३००० टक्क्यांपर्यंत खुलं. मिरो या अशाच दुसऱ्या बोर्डात १ टक्क्यापर्यंत जाता येतं, मग इथे का नाही? जे काढलंय ते एकदा तरी अख्खं दिसलंच पाहिजे.

घाटवाट
असहमत. मध्यम अक्षर २० पिक्सेलचं असतं, १० टक्क्यांवर ते २ पिक्सेलचं होतं. काना-मात्रा सोडाच, शिरोरेघही ओळखू येत नाही. वाचताच येत नाही ते अख्खं दिसून काय उपयोग? मुलांच्या हाती टॅब असतात. दोन बोटं जरा जास्त आवळली गेली की सगळा बोर्ड ठिपक्याएवढा, आणि मग "सर, माझं सगळं उडालं". अट आहे ते बरंच आहे. वर्षाला ५० एकक द्या, प्रश्न मिटला.

बोरूवाला
५० मध्ये १७६१ कसं बसवू? जानेवारीत पानिपत, जूनमध्ये नानासाहेब गेले, मग माधवरावांना पेशवाई, डिसेंबरात ताराबाईंचं निधन. नोंदी एकमेकींवर चढतात. आणि लांबून बघायचं ते वाचायला नाहीच. कुठे घटनांची दाटी आहे, कुठे वर्षानुवर्षं मोकळं आहे, हे मुलांना एका नजरेत कळावं म्हणून. पुस्तकात प्रकरणं सुटी सुटी येतात, तिथे हे कधीच दिसत नाही.

ठिपका
प्रोग्रामरच्या बाजूने सांगतो. पडद्याबाहेरच्या आकृत्या रंगवायच्याच नाहीत, ही अशा बोर्डांची मोठी बचत. जितकं मागे जाल तितकी ती कमी होत जाते, कारण सगळ्याच आकृत्या पडद्यावर येतात. जुन्या लॅपटॉपवर मोठा बोर्ड अडखळणारच. तूर्तास ब्राउझरच्या मेनूतून पानाचंच झूम ५० टक्के करा, दुप्पट रुंदी मिळेल. बटणं बारीक होतील, तेवढं चालवून घ्या.

बोरूवाला
उपाय चालला, आभार. पण मग अटीने नक्की काय वाचवलं? आकृत्या रंगवाव्या लागल्याच, अक्षरंही बारीक झालीच.

रानमेवा
नकाशांनी हे कधीच सोडवलंय. ओपनस्ट्रीटमॅप या ऑनलाइन नकाशाच्या शून्य पातळीवर, म्हणजे सगळ्यात लांबून, सारं जग २५६ पिक्सेलच्या एका चौकोनात मावतं, कारण तिथे गावांची नावं रंगवतच नाहीत. व्हाइटबोर्डनेही लांबून मजकुराच्या जागी नुसती राखाडी पट्टी दाखवावी. दाटी कळेल, यंत्रावरचा भारही हलका होईल.

घाटवाट
नकाशात राजधानी कुठली आणि वाडी कुठली हे आधीच नोंदलेलं असतं. बोर्डावर राज्याभिषेक आणि "हे उद्या तपासा" ही चिठ्ठी, दोन्ही २० पिक्सेलचीच. काय ठेवायचं, काय गाळायचं हे सॉफ्टवेअरने कशावरून ठरवायचं? तुमच्या पट्ट्यांत १६७४ शोधून दाखवा.

बोरूवाला
हा मुद्दा खरा आहे. ते मांडणाऱ्याने ठरवावं. ज्या मजकुरावर मी खूण करीन तो कितीही मागे गेलं तरी पडद्यावर त्याच मापाचा राहावा. १६३०, १६७४, १७०७, १७६१, १८१८ एवढेच आकडे ठळक, बाकी पट्ट्या. अख्ख्या रेषेवर बोट ठेवून शिकवता येईल.

घाटवाट
अशी खूण करायची सोय असेल तर ५ टक्केही द्या, माझी हरकत नाही. तिच्याविना नको.