पाचव्या फेरीला मुंबईला बोलवायचं आणि मग गप्प बसायचं?

कुडाळहून:
सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मुलाखतीच्या चार फेऱ्या ऑनलाइन झाल्या. मध्ये घरी करायला काम दिलं, बिलिंगचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येईल असा कोड), टेस्टसकट. शनिवार-रविवार त्यात गेले. पाचवी फेरी मुंबईत. रात्रीची कोकणकन्या पकडली, पहाटे दादरला उतरून स्टेशनातच तोंड धुतलं.

माझ्या कोडबद्दल एक शब्द नाही! व्हाइटबोर्डवर प्रश्न: लिंक्ड लिस्टमध्ये (एकापुढे एक जोडलेल्या नोंदींची, म्हणजे नोडची, साखळी) चक्र आहे का, म्हणजे ती फिरून मागच्याच नोडवर येते का, ते ओळखा. पाहिलेले नोड हॅश सेटमध्ये, म्हणजे एका वेगळ्या संचात, ठेवायचे, तोच पुन्हा आला की चक्र, असं लिहिलं. "जादा मेमरी न वापरता करा." मी अडलो. पंधरा मिनिटांत मुलाखत आटोपली. सहा आठवडे झाले, दोन मेल केले, उत्तर नाही. बाबा रोज विचारतात, "त्यांनी सांगूक नको काय?" नऊ वर्षं काम केलेल्या माणसाला ही वागणूक चुकीचीच आहे.

रत्नागिरीहून:
मी अशा मुलाखती घेतो, म्हणून लिहितो. व्हाइटबोर्डवरच्या प्रश्नाचं उत्तर दोन पॉइंटरचं (नोडकडे बोट दाखवणाऱ्या खुणांचं) आहे: एक एकेक नोड सरकतो, दुसरा दोन-दोन. चक्र असेल तर दुसरा पहिल्याला गाठतोच. पाठांतर बघायचं नसतं, अडल्यावर माणूस कसा विचार करतो ते बघायचं असतं. आणि प्रत्यक्ष बोलावण्याचं कारण साधं आहे. व्हिडिओवर बाजूच्या खिडकीत एआय उत्तर लिहून देतं. घरच्या कामात तर विचारूच नका.

देवगडहून:
ही दोन पॉइंटरची युक्ती फ्लॉइड या संगणकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. रात्रभर प्रवास करून आलेल्याने ती पंधरा मिनिटांत नव्याने शोधावी? ज्याने आदल्या दिवशी वाचली, तो पास. एआयची भीती असेल तर समोर बसवून त्याच्याच बिलिंगच्या कोडमध्ये बदल करायला सांगा. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असेल तर लगेच उघडं पडेल. पेटी मागवलीत, पण उघडलीच नाहीत.

रत्नागिरीहून:
हे पटलं. पुढच्या वेळी करून बघतो. पण डेटा स्ट्रक्चरचे (लिंक्ड लिस्टसारख्या माहितीच्या रचनांचे) प्रश्न सोडणार नाही. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या पोरांकडे दाखवायला स्वतःचं कोड फारसं नसतं, त्यांना दुसरं काय विचारणार? नकाराचं म्हणाल तर कारण लिहिलं की वाद होतात, म्हणून एचआर टाळतं.

कुडाळहून:
कारण कोण मागतंय? "नाही" एवढंच कळवा. या उत्तराची वाट बघत मी पुण्याची ऑफर तीन आठवडे लांबवली. त्यांनी शेवटी दुसऱ्याला घेतलं.