पान गळाले म्हणजे मूळ कुजले काय?

राहुरीची निवृत्त शिक्षिका
येथे परवा एका बंधूंनी बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रावर लिहिताना म्हटले, की विश्वासणारा पाण्याकाठच्या झाडासारखा असतो, त्याचे पान कोमेजत नाही, आणि कोमेजलेच तर मुळातच दोष आहे असे समजावे. हे वाक्य मला गप्प बसू देत नाही. माझे यजमान चौदा महिने अंथरुणाला खिळले होते, आणि आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसे येऊन नेमके हेच स्तोत्र वाचून जात. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात सतराव्या अध्यायात असेच झाड आहे. पण तिथे उन्हाची झळ येते, अवर्षणाचे वर्षही येते, फक्त झाड त्याला भीत नाही. मला खरा आधार दिला तो हबक्कूक संदेष्ट्याने. अंजीर फुलत नाही, वेलीला द्राक्षे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे तो म्हणतो. तिथे एकही हिरवे पान नाही, पण विश्वास उभा आहे.

मूळ लेखक
ताई, आपले दुःख मोठे आहे, पण म्हणून वचन बदलत नाही. यिर्मयाही त्या झाडाचे पान हिरवेच राहते असे म्हणतो, ते आपण सोडून दिले. शिवाय पहिल्या स्तोत्रातील हिब्रू शब्द मुद्दाम काढलेल्या पाटाला लागू पडतो, आणि झाडही आणून लावलेले आहे. लावणारा परमेश्वर असताना पाणी तुटेल कसे?

टेलचा शेतकरी
पाटाचे आम्हाला सांगू नका. आमचे रान मुळा उजव्या कालव्याच्या टोकाला आहे. वर उसाला पाणी मिळते आणि आमच्यापर्यंत आवर्तन, म्हणजे पाळीचे पाणी, पोचत नाही. पाटाकाठची झाडेही वाळतात, हे मी दर उन्हाळ्यात पाहतो.

सासवडचा बागायतदार
पुरंदरमध्ये आम्ही अंजिराचे खट्टा आणि मिठा असे दोन बहार, म्हणजे फळांचे हंगाम, धरतो. बहार धरायचा तर आधी पाणी तोडून बागेला ताण द्यावा लागतो. पाने पिवळी पडून गळतात, नवख्याला बाग गेली असे वाटते. मग छाटणी करून पाणी सोडले की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुगून फुटतात. म्हणून पान गळणे हा मुळाचा दोष नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात देव पित्याला माळी म्हटले आहे. तोही आपल्याला असाच ताण देतो.

राहुरीची निवृत्त शिक्षिका
मुळाला दोष दिला नाहीत याबद्दल आभारी आहे, पण ताणाचा दृष्टान्त मी मुळीच स्वीकारणार नाही. माळी ताणाचे दिवस मोजतो आणि बाग मरू देत नाही. माझे यजमान वारले. शेवटी चमच्याने पाणी पाजताना अर्धे उशीवर सांडत असे, आणि मी उशीखाली टॉवेल घडी करून ठेवत असे. त्यातून कोणता बहार धरायचा होता, हे मला समोर बसून सांगा. हबक्कूक कारण सांगत नाही, म्हणूनच मी त्याच्यावर भरवसा ठेवते.

सासवडचा बागायतदार
तुम्हाला दुखवण्याचा हेतू नव्हता. 1972 च्या दुष्काळात माझ्या वडिलांनी बाग तोडली आणि ते खडी फोडायला गेले. पुढच्या पावसात त्याच खोडांना धुमारे आले. बायबलमधल्या दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकात चौदाव्या अध्यायात तोडलेल्या झाडाला आशा असते असे आहे, आणि वडील ते वचन मरेपर्यंत सांगत असत.

राहुरीची निवृत्त शिक्षिका
मग त्यापुढचेही वाचा. झाड पाण्याच्या वासाने पुन्हा फुटते, पण माणूस मरतो आणि पडून राहतो, हीच ईयोबाची तक्रार आहे. तुमच्या वडिलांना आधार मिळाला हे मी नाकारत नाही. पण ईयोबाचे गाऱ्हाणे अर्ध्यावर तोडून आजाऱ्याच्या हाती देऊ नये.

मूळ लेखक
मुळातल्या दोषाचे वाक्य मी काढून टाकले आहे; ते वचनात नाही, माझ्या पदरचे होते. पान कोमेजत नाही, हे मात्र मी सोडणार नाही.

राहुरीची निवृत्त शिक्षिका
सोडू नका. मीही रविवारी ते सर्वांबरोबर म्हणते. पण पुढच्या वेळी कुणा आजाऱ्याच्या घरी जाल तेव्हा आधी हबक्कूक काढा, आणि वाचून झाल्यावर थोडा वेळ काही न बोलता बसा.