गिल्बर्ट हिलचं थीसिस, सर म्हणतायत दंतकथेचं म्युरल लाव

कातळवेडी:
फायनल इयर आर्किटेक्चर, थीसिसला अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचं व्हिजिटर सेंटर घेतलंय. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा सरळसोट खडक, साधारण 200 फूट, माथ्यावर गावदेवीचं देऊळ आणि खाली चारी बाजूंनी घरं अगदी चिकटलेली. केस स्टडी म्हणून उत्तर आयर्लंडचा जायंट्स कॉजवे (समुद्रकाठचे लाव्हाचे षटकोनी खांब) दाखवला तर सर म्हणाले मग तुझी बिल्डिंग पण षटकोनी खांबांची कर आणि आत दंतकथेचं म्युरल लाव. पटलं नाही पण तिथे उत्तरही सुचेना, नुसती मान हलवत उभी राहिले. काय करू?

घडीचं छप्पर:
अगं कॉजवेचं व्हिजिटर सेंटर (2012, आर्किटेक्ट हेनेघन पेंग) परत नीट बघ. त्यांनी जमिनीलाच दोन घड्या घातल्यात, एक वर उचललीय तिच्याखाली बिल्डिंग, दुसरी खाली दबवलीय तिच्यात पार्किंग गायब, आणि छपरावर गवत, लोक त्यावरनं चालतात. आता गोष्ट बघ. फिन मॅककूल राक्षसानं स्कॉटलंडच्या राक्षसाशी भांडायला समुद्रातनं वाट बांधली, पण तो अंगानं केवढा ते बघून हाच टरकला, बायकोनं याला बाळ म्हणून निजवलं, ते बघून समोरचा म्हणाला बाळ एवढं तर बाप केवढा, आणि जाताना वाट उखडत पळाला. पलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर खरंच तसेच खांब आहेत! म्युरल कशाला हवं, खांब समुद्रात शिरताना दिसले की झालं. तुझ्याकडे खडक दिसतो तरी कुठून? आधी ती एक जागा शोध.

डीएननगरकर:
मी आर्किटेक्ट नाही, नवरात्रात आईला घेऊन वर जातो इतकंच. एका हातात ओटीची पिशवी, दुसरा हात गुडघ्यावर, आणि दर दहा-बारा पायऱ्यांनी "थांब रे जरा". तुमच्या ड्रॉइंगमध्ये चपला कुठे काढायच्या आणि पाणी कुठे प्यायचं ते दाखवलंय का? व्हिजिटर व्हिजिटर म्हणताय ते आम्हीच की.

टेकडीखालचा:
+1. अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर पण बघ, तोही असाच सरळसोट खडक, त्याच्या भेगा म्हणजे अस्वलाच्या नखांचे ओरखडे अशी तिथल्या आदिवासींची गोष्ट. 1995 पासून जूनमध्ये त्यावर चढू नका अशी विनंती करतात, सक्ती नाही, कारण तो त्यांच्या पूजाविधींचा महिना. म्हणजे कॅलेंडर पण डिझाइनच झालं ना. तू नवरात्राचे नऊ दिवस वेगळे काढून प्लॅन कर.

कातळवेडी:
@डीएननगरकर चपलांची जागाच नाहीये शीटवर 🙈 तिकीट खिडकी मात्र दोन ठिकाणी काढलीय. उद्या सकाळी टेप घेऊन पायथ्याशी जाते, आईंना विचारून सांगाल का त्या नेमक्या कुठे कुठे थांबतात?